चारला थांबायचं



गेल्या जानेवारीत आम्ही दोघी जावा सायकलवरून कोल्हापूरहून श्रवणबेळगोळला गेलो. निघण्याआधी घरात एकच प्रश्न, "दिवस मावळल्यावर खायचं नाही, कांदा-बटाटा नाही, मग पायडल मारणार कशाच्या जोरावर?" खरं सांगू, मलाही तीच धास्ती होती.

पहिल्याच दिवशी बेळगाव गाठायचं, हा माझा हट्ट. निपाणीपुढचा तवंदी घाट चढताना मांड्या भरून आल्या. तवनिधीला दर्शन घेतलं, तेही घड्याळाकडे बघत. मग समोरून वारा. दर पाच मिनिटांनी मोबाइलवर किलोमीटर बघायची, ते काही सरेनात. बेळगावात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. पाणीही न घेता झोपले. सकाळी गुडघा ठणकत होता. यांना फोन केला, "मी एसटीनं परत येते." हे गप्पच. धाकटी मात्र म्हणाली, "अक्का, आपण यात्रेला निघालोय की शर्यतीला?"

राग आला मला. पण त्या दिवशी कित्तूरलाच थांबलो, जेमतेम पन्नास किलोमीटरवर.

तेव्हापासून दुपारी चारला सायकल उभी करायची, असं ठरवून टाकलं. उजाडताना निघायचं आणि भूक लागायची वाट न बघता तासाभरानं काहीतरी तोंडात टाकायचं: राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, दशमीचा तुकडा. (लसणाशिवायची शेंगाचटणी नऊ दिवस टिकली, कृती पुढच्या लेखात देते.) पाण्याचं गाळणं हँडलला बांधलेलं, वाऱ्यावर आपोआप वाळायचं. मोबाइल पिशवीत. "पुढच्या चिंचेपर्यंत" एवढंच बोलायचं. चिंच आली की पुढची.

पाचला जेवण व्हायचं, आणि मग अख्खी संध्याकाळ मोकळी! घरी अशी संध्याकाळ मला कधी मिळाली, आठवत नाही. कधी बस्तीत आरतीला बसायचो, कधी नुसत्या पाय पसरून. ब्याडगीच्या बाजूला तर वाळत घातलेल्या मिरच्या बघायला मुद्दाम वाट वाकडी केली. लालभडक अंगण नुसतं! दोघी शिंकून बेजार.

दहाव्या दिवशी पोचलो. सायकली खाली लावून अनवाणी विंध्यगिरी चढलो. सत्तावन्न फुटी बाहुबलींसमोर उभी राहिले, तेव्हा कितीतरी वेळ मागायचं काहीच सुचलं नाही.

उतरताना धाकटीनं मनगट पुढं केलं. चार वाजले होते. पायरीवर बसून आम्ही शेवटचे दोन लाडू काढले.