दोन वर्षं, दहा महिने

आमच्या पिढीला वाट बघण्याची सवय सरकारने लावली. टेलिफोन, गॅस, स्कूटर... सगळ्याला नंबर. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि पुढे तिची प्रतीक्षायादी दहा-दहा वर्षांवर गेली. कारखान्याने वर्षाकाठी किती गाड्या काढायच्या हेसुद्धा परवान्यावर ठरायचं, त्यामुळे मागणी असून उपयोग नव्हता. लग्न जमवताना मुलाकडची मंडळी "स्कूटरला नंबर लावलाय हो" असं मुद्दाम सांगत. काही हुशार लोक तर नंबर लागला की गाडी घरी न आणताच वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला देऊन टाकत. आमच्या ह्यांनी अनामत भरून नंबर लावला तेव्हा मुलगी पाळण्यात होती, आणि गाडी दारात आली तेव्हा ती चौथीत जात होती.

पण त्या वाट बघण्यात एक स्वस्थता होती. जी वस्तू येणार ती शेजाऱ्याच्या दारात उभी असायची. तिचा रंग, आवाज, लाथ मारल्यावर कितव्या वेळी सुरू होते, सगळं पाठ. प्रश्न फक्त 'कधी' एवढाच.

माझ्या भाच्याने जी वाट बघितली ती निराळ्या जातीची. जी गाडी अजून कुणी बनवलेलीच नाही तिची.

फेब्रुवारी २०१४ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला वाहनांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे बजाजने पल्सर सीएस ४०० नावाचा एक नमुना मांडला. नमुना म्हणजे बघायचा, घ्यायचा नाही. हिंजवडीत नोकरी करणारा, तेव्हा तिशीतला माझा भाचा त्याचा फोटो घेऊन वाईला माझ्याकडे आला आणि जेवणाच्या ताटावर मला म्हणाला, "आत्या, ही बघ. ही आली की लेहला जायचं."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. मला मोटरसायकलमधलं काय कळणार? पण शिक्षकाला प्रश्न विचारायची खोड जात नाही, आणि पोरगंही हौसेने सांगणारं. त्याने सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. शर्यतीच्या गाडीवर माणूस ओणवा होऊन बसतो, साष्टांग नमस्काराच्या अर्ध्यावर असल्यासारखा. तासाभराने मनगटं आणि पाठ बोलायला लागते. उलट ऐसपैस पाय पुढे टाकून बसायच्या गाड्या असतात, त्या आरामाच्या, पण वळणावर जड. या दोन्हींच्या मधली एक जात असते, तिला स्पोर्ट टूरर म्हणतात. दिवसाला पाचशे किलोमीटर जायचं, अंगही मोडून येता कामा नये, आणि घाटात गाडी आपलं ऐकली पाहिजे. अशी गाडी परदेशात मिळे, पण तिच्या किमतीत आमच्याकडे एकेकाळी घर झालं असतं. आणि बजाज तर ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ३९० ड्यूक चाकणलाच बनवत होती. त्याच घराण्यातलं इंजिन थोडं शांत करून मोठ्या प्रवासाच्या गाडीत बसवलं, तर साध्या नोकरदाराला ती परवडेल, असा सगळा हिशेब. हिशेब मला पटला. मी आणखी एक पोळी वाढली.

पण त्या घरात या गाडीची वाट बघणारी माणसं दोन होती. एक ती यावी म्हणून, आणि दुसरं ती कधीच येऊ नये म्हणून.

हे सांगायचं तर माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगावं लागेल. नात्यातल्या मंडळींना ठाऊक आहेच, पण आता नवी नातसुना-नातजावई मंडळीही वाचतात, म्हणून लिहिते.

जानेवारी १९८९. भाऊ कोल्हापूरहून पुण्याला मोटरसायकलने परत निघाला होता. त्याला लांबचा प्रवास गाडीवर करायचं वेड. एसटीत बसला की त्याचा चेहरा कडू व्हायचा. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, सहा व्होल्टची. ज्यांनी त्या काळच्या अशा गाड्या चालवल्यात त्यांना ठाऊक असेल, दिवा म्हणजे पिवळा गोळा, आणि तोही इंजिनाच्या जिवावर. गाडी पळत असेल तोवर थोडाफार उजेड, वेग कमी केला की दिवाही मंद. म्हणजे अंधारात जपून, सावकाश जाणाऱ्याला उलट कमी दिसायचं! रात्री साडेनऊच्या सुमाराला कराड ओलांडल्यावर उंब्रजच्या अलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल काच नाही, साधं पोतंसुद्धा बांधलेलं नाही. हंगामात त्या रस्त्याला अशा ट्रॉल्या पावलोपावली. भाऊ छत्तीस वर्षांचा होता. भाचा पाच.

वहिनीने (ती माझ्याहून लहान, पण मी तिला वहिनीच म्हणते) त्यानंतर एकटीने मुलाला वाढवलं. पोस्टातली नोकरी, पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या. मुलगा कमावता झाल्यावर ऑफिसपुरती म्हणून पल्सर आली, तेव्हा तिने नाही म्हटलं नाही. पण अट एकच, गावाबाहेर न्यायची नाही. पोराने ती पाळली, निदान मला तरी तसंच ठाऊक आहे. आणि आता हा चारशे सीसीचं आणि लेहचं बोलत होता.

गंमत म्हणजे तिने भांडण केलं नाही. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, ती गाडी अजून झालीच नाहीये ना? मग आत्तापासून कशाला वाईट व्हायचं." आणि तिनेही वाट बघायला सुरुवात केली.

पहिलं वर्ष तिचं गेलं. २०१५ च्या मार्चमध्ये आरएस २०० आली, भाच्याने तोंड वाकडं केलं. एप्रिलमध्ये एएस २०० आली, तिला पुढे छोटी काच होती, प्रवासाचीच म्हणत होते, याने बघून मान हलवली. २०१६ च्या फेब्रुवारीत व्ही १५ आली. तिच्या टाकीत मोडीत काढलेल्या विक्रांत युद्धनौकेचं लोखंड वितळवून वापरलं होतं. मला ती फार आवडली. १९७१ च्या युद्धात रेडिओला कान लावून बसलेली आम्ही माणसं! "ही घे की," मी म्हटलं. "आत्या, ही ऑफिसला जायची गाडी आहे," असं उत्तर मिळालं. विषय संपला.

मधल्या काळात रविवारी हा आणि त्याचे दोन मित्र चाकणच्या बाजूला चहाला जायला लागले. चहा पुण्यात मिळतो. पण कारखान्यातून चाचणीच्या गाड्या रस्त्यावर निघत, काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्यांनी गुंडाळलेल्या, आकार कळू नये म्हणून. पक्षीनिरीक्षक जसे झुडपाआड बसतात तशी ही पोरं टपरीवर बसायची. एकदा त्याने मला फोटो पाठवला. त्यात एक ट्रक, एक म्हैस आणि लांबवर एक ठिपका. "दिसली का?" मला म्हैस दिसली.

नावाचाही घोळ. आधी सीएस ४००, मग व्हीएस ४०० येणार म्हणाले, मग क्रॅटोस. क्रॅटोस म्हणजे ग्रीक भाषेत बळ. शेवटी नोव्हेंबर २०१६ मध्ये नाव ठरलं डोमिनार. हे स्पॅनिश, म्हणजे सत्ता गाजवणे. माझ्या बी.ए.च्या मराठीला वाटलं, राणा प्रतापांच्या घोड्यापासून आपण बरेच लांब आलो. असो. पण एक बातमी वाचून मला बरं वाटलं, चाकणला ही गाडी जोडणाऱ्या पथकात सगळ्या बायकाच होत्या. ती बातमी मी कात्रण काढून वहिनीला पोस्टाने पाठवली. तिने त्यावर काहीच कळवलं नाही.

१५ डिसेंबर २०१६ ला गाडी जाहीर झाली. नमुना दाखवल्यापासून दोन वर्षं, दहा महिने. ३७३ सीसी, ३५ अश्वशक्ती, सहा गिअर, वजन १८२ किलो. किंमत दिल्लीत १ लाख ३६ हजार, आणि एबीएस हवं असेल तर दीड लाख. त्या आठवड्यात मी पुण्यात होते, म्हणून पुढचं मी समोर बसून पाहिलं.

भाच्याने आईसमोर कागद ठेवला. त्याने तयारी केली होती: हप्ता किती, विमा किती, हेल्मेट कुठलं, गुडघ्याचे पॅड कुठले. दहावीच्या तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखा घडाघडा बोलत होता. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. आणि एकच प्रश्न विचारला.

"दिवा कसा आहे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आई, एलईडी आहे. पूर्ण. या किमतीच्या गाडीला आपल्याकडे असा दिवा दुसऱ्या कुणी दिलेला नाही."

"आणि गाडी हळू केली की?"

"तेवढाच राहतो. बॅटरीवर चालतो."

मग तिने एबीएस म्हणजे काय ते विचारलं. त्याने सांगितलं, एकदम ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही, यंत्र स्वतःच दाब सोडतं-धरतं, सेकंदात कितीतरी वेळा. त्याने हिशेबात बिनएबीएसची गाडी धरली होती, हप्ता बसावा म्हणून. वहिनी उठली, आतून पासबुक घेऊन आली. "चौदा हजार मी देते. ते असलेली घे. नाहीतर घेऊ नकोस."

मला वाटतं तेवढंच बोलणं झालं. रात्री ती माझ्याशेजारी गादीवर पडून बराच वेळ पंख्याकडे बघत होती. मी काही विचारलं नाही.

पुढे कायदाही तिच्या बाजूने आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच राहील अशी सक्ती झाली, आणि एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस लागलं. वहिनी आता ओळखीतल्या कुणाच्या मुलाने गाडी घेतली की विचारते, "एबीएस आहे ना?" पोस्टातली निवृत्त बाई हे विचारते म्हटल्यावर पोरं दचकतात.

गाडी जानेवारीत घरी आली. नारळ, हार, चाकाखाली लिंबू. पहिल्या रविवारी तो वाईला आला, खंबाटकी चढून. मी ओसरीवरून आवाज ऐकला आणि मला वाटलं मोठं काहीतरी येतंय. प्रत्यक्षात गाडी धीराची निघाली. मी मागे बसून मेणवलीपर्यंत जाऊन आले, साडीत, एका बाजूला पाय टाकून. सीट उंच आहे, उतरताना त्याने हात धरला. शेजारणीने वरून पाहिलं आणि आठवडाभर गावात तोच विषय होता.

(२०१९ मध्ये याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आली, ४० अश्वशक्तीची, पुढचा दुबेळका जाडजूड. भाच्याचा चेहरा महिनाभर उतरला होता. इतकी वर्षं थांबून घाई केली म्हणे! मला हसू आवरेना.)

लेहला तो २०१७ च्या जुलैत गेला, तिघं मित्र मिळून. वहिनीची अट: जिथे थांबशील तिथून फोन. तिने त्यासाठी शंभर पानी वही आणली, पोस्टातल्या नोंदवहीसारख्या रेघा आखल्या. तारीख, ठिकाण, वेळ, शेरा. पहिले दिवस रकाने नीट भरले आहेत. शेरा बहुतेक ठिकाणी 'जेवला' असा आहे. मनालीपर्यंत ठीक. रोहतांग ओलांडून केलाँगला पोचल्याचा फोन आला, आणि त्यानंतर मोबाईलला रेंज नाही. तेव्हा त्या रस्त्याला मधे काहीच लागत नसे. त्याने आधी सांगितलं होतं, दोन दिवस फोन येणार नाही. सांगितलेलं असणं आणि फोन न येणं यात फरक असतो.

त्या दोन दिवसांच्या ओळी वहीत आहेत, तारखा घातलेल्या आणि पुढे कोऱ्या. मी वाईहून रोज रात्री तिला फोन करत होते. ती म्हणे, "काही नाही ताई, वाचत बसलेय." काय वाचत होती ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेहहून फोन आला. वहीत 'लेह. ६.४०.' आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीच नाही.

मागच्या दिवाळीत मी ती वही पुन्हा पाहिली. त्या दोन कोऱ्या ओळी परत आल्यावर भाच्याने स्वतःच्या अक्षरात भरल्या आहेत. एकीत तंगलंग ला, पाच हजार तीनशे मीटर, डोकं दुखलं. दुसरीत लिहिलंय: 'सरचू. रात्री ८. शेवटचे वीस किलोमीटर अंधारात. सगळं स्पष्ट दिसत होतं.'

अंधारात गाडी चालवायची नाही असंही ठरलं होतं त्यांचं. वहिनीने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आहे. रागावून मारली की कशी, ते मला अजून तिला विचारायचंय.