चुंबक चिकटेना

फ्रिजवरचं चुंबक काढून मी आमच्या मारुती ८००च्या पत्र्यावरून फिरवत होतो. बॉनेटवर चिकटलं, दारांवर चिकटलं. डाव्या मागच्या चाकाच्या वर मात्र घसरून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

जुनी गाडी घेणारे ही युक्ती हमखास करतात. पोचा बुजवायला पेंटर लांबी भरतो, म्हणजे पुट्टी. तिचा थर जाड असला की चुंबकाची ओढ खालच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. पण आमची गाडी जुनी घेतलेली नव्हती. २००८ साली बाबांनी ती शोरूममधून आणली, तेव्हा पुढच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स धरून मीच बसलो होतो. हिला कधी ओरखडासुद्धा आला नाही, हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य.

मे महिन्यात मी कराडला आलो होतो. घरी सांगितलं होतं, वर्क फ्रॉम होम आहे. खरं तर एप्रिलअखेर पुण्यातली नोकरी गेली होती. पंधरा मिनिटांचा एक कॉल आणि संध्याकाळपर्यंत सगळे लॉगिन बंद. मग रोज नऊ वाजता स्वतःचा लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवायचा आणि “आज मीटिंग नाहीये” म्हणत पोर्चमध्ये जायचं, असं चाललं होतं.

मला गाडी कस्टम करायची होती. मळकट हिरवा रंग, काळं छत. मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे आता तिच्याकडे वळून बघणारे बरेच आहेत. बाबा एवढंच म्हणाले, “आरसीवर पांढरा लिहिलाय. पांढराच राहू दे.” मुद्दा बरोबर होता. रंग बदलला तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मी तोंड पाडून पांढरा डबा आणला.

व्हिडिओंमधले लोक टू-के पेंट मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. म्हणून मी एनसी पेंट घेतला, ज्याला जुने पेंटर अजूनही ड्यूको म्हणतात. ड्यूको हा ड्यूपॉन्ट कंपनीचा १९२०च्या दशकातला ब्रँड. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे. एनसी पेंट नुसता थिनर उडून वाळतो, पण ती वाफही पेट घेते. त्यामुळे कार्ट्रिजवाला मास्क, गेट सताड उघडं, आणि आईची दिवा लावायची वेळ झाली की काम बंद.

चुंबक पडलं तिथे मी ८० नंबरचा पेपर मारायला घेतला. पांढरा रंग गेला, करडा प्रायमर गेला, खाली पिवळसर लांबी लागली. घासतोय तरी संपेना. पोर्चभर भुकटी. शेवटी पत्रा दिसला, आत दबलेला, हातोडीच्या खुणा असलेला.

बाबा चहा घेऊन आले आणि तिथेच थांबले.

“२०१२,” ते म्हणाले. “कारखान्यात कपात झाली होती. पत्र हातात पडलं त्या दिवशी येताना कठड्याला घासली. घरी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलीय.”

“आणि नोकरीचं?”

“ते पाच महिने नाही सांगितलं.”

मला त्या सकाळी आठवत होत्या. डबा घेऊन बाबा बरोबर आठला याच गाडीतून निघायचे. मी मागून हात करायचो. कुठे जात होते, हे मी विचारलं नाही. त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला. “तुझा लॅपटॉप तीन आठवडे उघडा आहे,” ते म्हणाले. “तू बोलताना एकदाही ऐकू आला नाहीस.”

मग मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पगार किती महिन्यांचा मिळाला ते विचारलं. रात्री जेवताना आईला दोघांनी मिळून सांगितलं. आधी माझं, मग २०१२चं. ती माझ्यावर दहा मिनिटं रागावली. बाबांशी दोन दिवस बोलली नाही.

टिंकरवाल्या काकांनी पोचा आतून ठोकून बराच वर काढला. उरलेल्यावर मी पातळ लांबी लावली, १८०, ३२०, ६०० करत घासली. रंगाचा पहिला हात मारला त्या दिवशी वळीव पडून गेला होता. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. सगळी चकाकी जाऊन रंग खडूसारखा दिसायला लागला. मी रडकुंडीला आलो. काका म्हणाले, “कोरड्या उन्हात वरून स्लो थिनरचा हलका हात मार. एनसी आहे, परत विरघळतो.” तसं केलं. दोन दिवसांनी २००० नंबरचा पेपर आणि रबिंग कंपाऊंड. डाव्या दारावर अजून संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे आहेत. तिरप्या उन्हात दिसतात.

गेल्या आठवड्यात साताऱ्याला इंटरव्ह्यूला हीच गाडी घेऊन गेलो. निघताना बाबांनी खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि मागच्या चाकाच्या वर लावून बघितलं. जरा घसरलं, पण पडलं नाही.