शेताचे उष्टे

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस लोटले होते. संध्याकाळच्या गाडीने निपाणीहून येऊन मी पाणंदीने गावाकडे चाललो होतो. सोयाबीनची मळणी आटोपली होती, आणि मळणीयंत्राने फेकलेल्या भुसकटाचे ढीग बांधाबांधाला पडले होते. एक ढीग धुमसत होता. दुसऱ्याच्या पायथ्याशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा काडीपेटी घेऊन वाकला होता.

मी विचारले, "काय पेटवतोस रे बाळ?"

मान वर न करताच तो म्हणाला, "काय न्हाई आजोबा, कचरा हाय."

दोन शेते पलीकडे धनगरांनी वाघर लावली होती. दिवसभर माळ तुडवून आलेली मेंढरे जाळीत उभी होती, आणि त्यांच्या कोकरांचे ओरडणे धुरातून ऐकू येत होते. त्या मुलाच्या तोंडचा 'कचरा' हा शब्द आणि ते ओरडणे एकाच वेळी कानी पडले, आणि माझे मन पन्नासहून अधिक वर्षे मागे गेले.

माझा जन्म धनगराच्या घरचा. आमच्या बोलीत मेंढरांनाच 'बकरी' म्हणतात. आज्जाजवळ चाळीस बकरी होती, आणि त्या चाळिसांवर आमचे सहा माणसांचे घर चालत असे. १९७२ साली पावसाने पाठ फिरवली. महाराष्ट्रात आणि आमच्या सीमाभागात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, दुष्काळ पडला. चिकोडीकडचा आमचा माळ मार्गशीर्षातच उघडा पडला. मी पाचवीत होतो. पाटी-दप्तर आईच्या स्वाधीन करून आज्जाबरोबर कळप घेऊन दूधगंगेच्या काठाकडे निघालो. तिकडे विहिरींच्या आधाराने उसाचे काही फड उभे होते.

एका शेतकऱ्याशी आज्जाने बोली केली. रात्री कळप त्याच्या रानात बसवायचा. लेंडी-मुताचे खत त्याचे. मोबदल्यात त्याच्या खळ्यावरचे तुरीचे भुसकट, भुईमुगाचा वाळला वेल आणि तोडणीच्या फडातील उसाचे वाढे आमचे. व्यवहारात नाणे कुठेच नव्हते. एकाचे उरलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडत होते, एवढेच.

मला मात्र एका गोष्टीचा राग येई. समोर वैरणीचा डोंगर असताना आज्जा कळपाला मोजून मापून चारा घाली. पहिल्या दिवशी मूठ-मूठ वेल, दुसऱ्या दिवशी थोडा अधिक. वाढे तो कोयत्याने बारीक तोडी आणि भुसकटाशी मिसळल्यावाचून टाकीत नसे. वेलाची पेंढी उचलली की आधी नाकाशी धरी. कुबट वास आला की बाजूला फेकी. वाटेवर कापणी झालेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळी हिरवीगार फूट आली होती. तीवर तर तो एक तोंड पडू देत नसे. मला वाटे, म्हातारा चिक्कू आहे. भुकेल्या जिवांना पोटभर खायला घालण्यात कसला हा हिशेब!

कळपात बांडी नावाची एक मेंढी होती. ती गाभण होती आणि हाडांवर आली होती. चरून परतताना ती सर्वांच्या मागे राही आणि माझ्या हाताला नाक लावी. एका रात्री मला ते पाहवेना. आमच्या पालात ज्वारीच्या भरड्याचे एक लहान गाठोडे होते. आम्हा दोघांच्या आठवड्याच्या कण्यांची ती बेगमी होती. आज्जा झोपल्यावर मी ते उचलले आणि जवळजवळ दोन शेर भरडा बांडीपुढे ओतला. तिने तो अधाशासारखा खाल्ला. त्या रात्री उपाशी राहूनही मला समाधानाची झोप लागली.

सकाळी बांडी उठली नाही. डावी कूस फुगली होती, ती दात खात होती, आणि रवंथ बंद होता. दुपारपर्यंत आंबूस वासाची पातळ हागवण लागली. आज्जाने तिला न्याहाळले, भुईमुगाच्या ढिगाकडे पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "वेलाला बुरशी लागली आसंल. आज कुणालाबी वेल घालायचा न्हाई."

मी तेथेच उभा होतो. खरे काय ते एका वाक्यात सांगता आले असते. मी गप्प राहिलो. त्या दिवशी उरलेली एकोणचाळीस बकरी केवळ वाढ्यांच्या चार पात्यांवर राहिली, आणि चांगल्या वेलाचा ढीग अस्पृश्य पडून राहिला. संध्याकाळी कोकरे दुधासाठी ओरडू लागली; आयांच्या कासा आटल्या होत्या. ते ओरडणे सहन होईना, तेव्हा मी आज्जापुढे जाऊन सारे सांगितले.

तो काही बोलला नाही. खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने बांडीला पाजला, रात्रभर तिची कूस चोळीत बसला. पहाटे ती गेली. पोटातले कोकरूही गेले.

मी मार खाण्याची तयारी ठेवली होती. आज्जा एवढेच म्हणाला, "माया केलीस लेका, पर इचारून केली न्हाईस. आन् चुकी झाली ती झाली, पर कळपाला एक दिस उपाशी ठिवलंस, ते तुझ्या गप बसण्यानं." थोड्या वेळाने त्याने कोयता माझ्या हाती दिला. "आजपासनं वैरण तू मोजायची."

त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत वैरण मीच मोजली. चाळिसांपैकी तेहतीस बकरी घेऊन आम्ही माळावर परतलो. आसपासच्या कित्येक कळपांची त्या वर्षी धूळधाण झाली होती.

आज्जाच्या नियमांमागचे शास्त्र मला तीन वर्षांनी, आठवीत, याच शाळेच्या वर्गात समजले. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचे चार कप्पे गुरुजींनी फळ्यावर काढले: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर. गुरुजी म्हणाले, "मेंढी काडी पचवीत नाही, तिच्या कोठीपोटातले असंख्य सूक्ष्म जीव ती पचवतात. मेंढीला आधी त्यांना पोसावे लागते." मी बाकावर बसल्याजागी थिजलो. जी काडी माणसाच्या पोटात गेली तर जशीच्या तशी बाहेर पडेल, तिच्यातून हे जीव बळ काढतात. पण चारा बदलला की त्यांनाही जुळवून घ्यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. एकदम पिठूळ धान्य पडले, की आम्ल करणाऱ्या जीवांचे राज्य माजते, काडी पचवणारे मरतात, आणि जनावर अंगातल्या आम्लाने जाते. बांडी भुकेने मेली नव्हती. माझ्या दोन शेर दयेने मेली होती.

पुढे पशुसंवर्धनाच्या चाकरीत असताना बाकीची कोडीही उलगडली. ज्वारीच्या कोवळ्या फुटीतून पोटात जहाल प्रुसिक आम्ल तयार होते. आज्जाने ते नाव कधी ऐकले नव्हते, पण त्याचा धोका ओळखला होता. नुसत्या वाढ्यांवर जनावर फार दिवस ठेवले, तर त्यांतील ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून ठेवते, म्हणून मिसळण. कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चार, आणि कोठीपोटातील जिवांना नीट काम करण्यास शेकडा सातच्या आसपास हवीत; ती उणीव भुईमुगाचा वेल भरून काढतो, कारण तो द्विदल पिकाचा आहे. आणि बुरशीची भीतीही पोकळ नव्हती. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. आज्जाचे नाक त्याच वाटेवर होते.

आज या विषयाला वाहिलेल्या मोठ्या संस्था आपल्या देशात आहेत. राजस्थानात अविकानगर येथे मेंढी व लोकर संशोधनाची, आणि झांशीला गवत व चारा संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. दोन्ही १९६२ साली स्थापन झाल्या. निकस काड सुधारण्याची सोपी रीतही आता ठाऊक आहे. १०० किलो वाळल्या काडावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पुरता विरघळवून थराथराने शिंपडायचा, काड दाबून प्लास्टिकखाली हवाबंद करायचे आणि २१ दिवसांनी उघडून, उग्र वास उडून गेल्यावर, थोडे थोडे चारायचे. पण युरियाचे प्रमाण चुकले, किंवा ते पाणी जनावराच्या तोंडी लागले, तर तेच विष होते. लहान कोकरांना तर हे काड द्यायचेच नाही, कारण त्यांचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते. जवळच्या पशुवैद्याला विचारल्यावाचून हा प्रयोग कोणी करू नये. इचारून करणे हेच येथेही खरे.

३० किलो वजनाच्या मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो. बांधावर जळणाऱ्या त्या ढिगात किती मेंढ्यांचे किती दिवस जळत होते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय पेटवल्यावर त्यातला नत्र हवेत उडून जातो. मेंढीच्या पोटातून गेला तर त्याचा मोठा भाग लेंडी-मुताच्या रूपाने त्याच शेताला परत मिळतो. आमच्या आज्जाचा एक शब्द होता. तो म्हणे, "बकरं शेताचं उष्टं खातं, आन् शेताला ताट वाढून जातं."

असो. पाणंदीतल्या त्या मुलाजवळ मी बसलो आणि त्याला बांडीची गोष्ट सांगितली. त्याने काडीपेटी खिशात घातली. मी त्याच्या वडिलांना गाठले. गृहस्थ भले होते, म्हणाले, "रान लवकर मोकळं करायचं म्हणून पेटवतो जी. बकरी खात्यात हे कुणाच्या ध्यानात येतंय?" औषध फवारून किती दिवस झाले, हे मी आधी विचारून घेतले, दीड महिना झाला होता. त्यांनी धनगरांना हाक मारली. दोघे शेजारी, दोन शेतांचे अंतर, आणि आजवर एकमेकांना विचारले नव्हते! दुसऱ्या रात्री कळप त्यांच्या रानात बसवायचे ठरले.

जळलेला ढीग गेला तो गेला. वाचलेल्या ढिगातून मुलाने एक पाटी भरली, मी सवयीने ती नाकाशी धरून पाहिली, आणि आम्ही वाघरीपाशी गेलो. मेंढरांनी पाटीत तोंडे घातली, शेंगांची टरफले नि पाने वेचून खाल्ली, जाड काड्या मागे ठेवल्या. मुलाचा चेहरा फुलला. तो पळतच दुसरी पाटी आणायला निघाला.

मी त्याला हाक मारली, "थांब बाळ. आज एवढेच. उद्या थोडे अधिक."

तो थबकला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात पाचवीतल्या एका मुलाचा जुना राग मला स्पष्ट दिसला. मग त्याने विचारले, "का आजोबा?"

माझ्या मनाला फार बरे वाटले. त्याने विचारले होते.