पिशवी आधी कुजते की रोप आधी निघतं?

रोपवाटिकेचा धंदा झाडांचा म्हणतात, पण निम्मा जीव पिशव्यांत अडकलेला असतो. पोयटा, वाळू, शेणखत चाळून काळ्या पिशवीत भरायचं आणि लागवडीच्या दिवशी तीच पिशवी ब्लेडने चिरून बांधावर फेकायची. २०१९च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. त्यातल्या किती पिशव्या गोळा झाल्या असतील? आमच्या विसरवाडीच्या शेतांत नांगर घातला की चिंध्या वर येतात.

म्हणून कुजणाऱ्या पिशव्या मी हौसेने आणल्या. २०१८च्या प्लास्टिकबंदीतही रोपवाटिकांसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट आहे. या पिशव्यांत बहुधा स्टार्च आणि पीएलए, पीबीएटी ही कुजणारी प्लास्टिकं असतात. गंमत अशी की पीबीएटी खनिज तेलापासून बनतं, तरी जंतू ते पचवतात. आणि पीएलए मक्यापासून, उसापासून बनतं, तरी साध्या मातीत वर्षानुवर्षं रेंगाळतं. कशापासून बनलं यावर कुजणं ठरत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवताना दमछाक होते. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या आयएसओ १७०८८ या मानकाची परीक्षा ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टमध्ये होते, मुदत सहा महिने. आमचा उन्हाळा कडक खरा, पण शेतातली माती रात्री निवते.

पपईला ही पिशवी मानवते. दीड-दोन महिन्यांत रोप शेतात जातं, तोवर पिशवी धड असते. मोहाचं गणित वेगळं. त्याचं बी साठवलं की उगवण जाते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी ताजंच पेरायचं आणि रोप पुढच्या पावसापर्यंत सांभाळायचं. तेवढ्यात पिशवी तळातून विरते, उचलताना मातीचा गड्डा फुटतो आणि सोटमूळ उघडं पडतं. मोहाला मी अजून काळी, जाड पिशवीच वापरतो. सागाला तर पिशवीच नको: वाफ्यात वाढवलेली सागजडी मूळ-शेंडा छाटून, पहारीने भोक पाडून पहिल्या पावसात लावली की झालं.

कुजणारं प्लास्टिक पंगतीतही आलंय, पण तिथलं गणित सरळ आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले आणि बाजारात ‘कंपोस्टेबल’ ताटं आली. तासाभराच्या जेवणाला ती कशाला? गावात तापलेला कंपोस्टचा ढीग कुणाकडे आहे? आमच्या नवापूर तालुक्यात पळस चिक्कार. त्याच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ उकिरड्यावर एका पावसात माती होते.

तेव्हा पिशवी घेताना दुकानदाराला एकच विचारा: ओल्या मातीत, उघड्यावर ही किती महिने टिकते? महिने न सांगता तो नुसतं ‘इको-फ्रेंडली’ म्हणाला, तर काळी पिशवीच घ्या आणि लागवड झाल्यावर मोजून परत आणा.