शांततेचे दोन अर्थ

मराठीतला 'शांतता' हा शब्द मोठा गमतीचा आहे. वर्गात गलका झाला, की गुरुजी म्हणतात, "शांतता राखा!" वाचनालयाच्या भिंतीवर आणि दवाखान्याच्या दारावरही हीच पाटी असते. तिथे शांतता म्हणजे आवाज न करणे. पण दोन देशांमधले युद्ध संपते, तेव्हा आपण म्हणतो, "आता सीमेवर शांतता आहे." तिथे शांतता म्हणजे वैर संपणे, माणसांनी एकमेकांशी सलोख्याने राहणे. उर्दूत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहिली ती खामोशी, दुसरे ते अमन. मराठीत मात्र एकच शब्द दोघांचे काम करतो.

मी अनेक वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवले. धड्यात हा शब्द आला, की कोणीतरी हमखास विचारी, "सर, इथे शांतता म्हणजे खामोशी की अमन?" वाक्य पाहून मी उत्तर देत असे. इतिहासातला एक प्रसंग मात्र असा आहे, की त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकामागून एक येतात. तो प्रसंग १९१४ सालच्या नाताळचा. मुलांना तो सांगायला मला फार आवडे.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस युरोपात पहिले महायुद्ध पेटले. नाताळपर्यंत आपण जिंकून घरी जाऊ, असे दोन्ही बाजूंच्या अनेक सैनिकांना वाटत होते. तसे झाले नाही. हिवाळ्यापर्यंत बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. एका बाजूला जर्मन होते. दुसऱ्या बाजूला फ्रेंच, बेल्जियन आणि ब्रिटिश होते. खंदकांत चिखल आणि गुडघाभर पाणी असे. समोरासमोरच्या खंदकांमध्ये थोडीशी मोकळी जमीन होती. तिथे कोणी डोके वर काढले, की समोरून गोळी येई. मेलेल्या सैनिकांना उचलून आणणेही शक्य नसे. ते तिथेच पडून राहत.

ब्रिटिशांच्या सैन्यात आपले हिंदी सैनिकही होते. मुंबई आणि कराची या बंदरांतून ते जहाजाने निघाले आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून फ्रान्समधल्या मार्सेल्स बंदरात उतरू लागले. त्यांत पंजाबी मुसलमान होते, पठाण होते, शीख, डोगरा, गुरखे आणि गढवालीही होते. त्या नाताळात ब्रिटनची राजकन्या मेरी हिच्या नावाने सर्व सैनिकांना भेट पाठवायचे ठरले. ब्रिटिश सैनिकांना पितळेच्या डबीतून तंबाखू आणि सिगारेट मिळाल्या. हिंदी सैनिकांच्या भेटीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. हे मी प्रथम वाचले, तेव्हा मला आधी हसू आले आणि मग गहिवरून आले. घरापासून हजारो मैल दूर, चिखलात बसलेल्या त्या शिपायाने डबी उघडली असेल. मसाल्याच्या वासाबरोबर त्याला आपली चूल आठवली असेल. समोरच्या खंदकातला जर्मनही त्या वेळी आपल्या घरचीच भेट उघडत होता.

नाताळ हा येशू ख्रिस्तांच्या जन्माचा सण. मुसलमान त्यांना हजरत ईसा म्हणून मान देतात. या सणात शांतीची प्रार्थना केली जाते. म्हणून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ७ डिसेंबर १९१४ रोजी लढणाऱ्या देशांना विनंती केली होती, की निदान नाताळपुरत्या तरी तोफा थांबवा. सरकारांनी ती मानली नाही. जे सरकारांनी केले नाही, ते पुढे साध्या शिपायांनी केले.

२४ डिसेंबरची संध्याकाळ झाली. कडाक्याची थंडी पडली आणि चिखल गोठून टणक झाला. अंधार पडल्यावर जर्मन खंदकांच्या कडेवर लहान लहान दिवे दिसू लागले. जर्मनांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. काही ठिकाणी नाताळची छोटी झाडेही ठेवली होती. पलीकडच्या सैनिकांना वाटले, हा शत्रूचा काही डाव असेल. पण मग तिकडून गाणे ऐकू आले. ते होते 'स्टिले नाख्ट', म्हणजे 'शांत रात्र'. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या गावी १८१८ साली नाताळच्या आदल्या रात्री ते प्रथम गायले गेले होते. जोसेफ मोर यांनी ते लिहिले आणि फ्रान्झ ग्रुबर यांनी त्याला चाल दिली. जर्मनांचे गाणे संपल्यावर ब्रिटिश सैनिकांनी आपले गाणे म्हटले. हळूहळू बंदुका थांबल्या.

ही झाली पहिली शांतता, म्हणजे खामोशी. आल्फ्रेड अँडरसन नावाचा एक स्कॉटिश तरुण त्या वेळी आघाडीवर होता. ते पुढे १०९ वर्षे जगले आणि २००५ साली वारले. इतक्या वर्षांनंतरही त्यांना त्या नाताळचे काय आठवत होते? दोन महिने केवळ गोळ्यांचे आवाज ऐकल्यानंतर आलेली ती विलक्षण खामोशी!

पण गोष्ट तिथे संपली नाही. रात्री आणि सकाळी दोन्ही बाजूंचे काही सैनिक हात वर करून, हत्यार न घेता, खंदकाबाहेर आले. जरा विचार करा. कालपर्यंत जिथे डोके काढणे म्हणजे मरण होते, तिथे कोणीतरी आधी उभे राहिले आणि समोरच्याने गोळी झाडली नाही. मग दुसरा उठला, तिसरा उठला. मोकळ्या जमिनीवर माणसे भेटली. त्यांनी हस्तांदोलन केले. सिगारेट, चॉकलेट, कोटाची बटणे यांची देवघेव झाली. काही ठिकाणी चेंडूही खेळले, असे सैनिकांनी आपल्या पत्रांत लिहिले आहे.

मला मात्र त्या दिवसाचे एक वेगळेच काम सर्वांत मोठे वाटते. अनेक ठिकाणी त्यांनी आधी मेलेल्यांना पुरले. फ्लर्बे या फ्रेंच गावाजवळ दोन्ही बाजूंचे सैनिक एकत्र उभे राहिले आणि एकच प्रार्थना इंग्रजीत आणि जर्मनमध्ये म्हटली गेली. ज्यांनी एकमेकांना मारले होते, त्यांच्यासाठी ज्यांनी एकमेकांना मारायचे होते, ते प्रार्थना करत होते.

३९ व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीसमोरही असेच घडले. जर्मन खंदकाबाहेर आले आणि गढवाली जवान त्यांना भेटले. हिमालयातल्या खेड्यांतून आलेल्या त्या जवानांचा हा सण नव्हता. समोरच्याची भाषाही त्यांना येत नव्हती. तरी पुढे आलेल्या हाताचा अर्थ त्यांना कळला.

ही दुसरी शांतता. हिला अमन म्हणतात. खामोशीला फक्त बंदूक खाली ठेवावी लागते. अमनसाठी खंदकाबाहेर यावे लागते.

हे सगळीकडे घडले असे मात्र नाही. काही ठिकाणी त्या दिवशीही गोळीबार झाला आणि माणसे मेली. सुमारे एक लाख सैनिकांनी हा नाताळ असा साजरा केला असावा, असा अंदाज आहे. बहुतेक ठिकाणी एकदोन दिवसांत आणि काही ठिकाणी नव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा बंदुका सुरू झाल्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांना हे मुळीच आवडले नव्हते. १९१५ च्या नाताळात असे होऊ नये, म्हणून त्यांनी कडक हुकूम काढले. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालले. नाताळनंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेल या गावी मोठी लढाई झाली. गढवालींच्या त्याच दुसऱ्या पलटणीतले गबर सिंग नेगी तिथे १० मार्चला धारातीर्थी पडले. त्या गावात आज हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ते १९२७ साली उभे राहिले. ज्यांची थडगी सापडत नाहीत, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्यावर कोरली आहेत. मोहम्मद, सिंग, राम, खान अशी सगळी नावे एकाच भिंतीवर आहेत.

एकदा हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग त्या एका दिवसाचा उपयोग काय झाला?"

प्रश्न सोपा नव्हता, आणि तो जुनाही होत नाही. २०२३ साली गाझात युद्ध चालू होते. त्यामुळे हजरत ईसांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेथलेहेममध्येच नाताळचा उत्सव रद्द करावा लागला. चौकातले दरवर्षीचे मोठे झाड उभे राहिले नाही. अशा वेळी एका दिवसाच्या अमनची गोष्ट सांगून काय मिळते? त्या मुलीला उत्तर देताना मला माझी चाळ आठवली.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईत दंगल झाली. संचारबंदी लागली. तेव्हा मी मध्य मुंबईतल्या एका चाळीत राहत होतो. चाळीत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशी सर्वच बिऱ्हाडे होती. एरवी नळावर भांडणे, गॅलरीत रेडिओ, जिन्यावर मुलांचा धिंगाणा. त्या दिवसांत सगळे चिडीचूप झाले. दारे बंद झाली. वर्षानुवर्षांचे शेजारी जिन्यात भेटले, तरी नजर चुकवू लागले. रस्त्यावर फक्त पोलिसांच्या गाडीचा आवाज येई. मराठीत याला शांतताच म्हणावे लागेल. पण त्या शांततेत कोणालाच झोप लागत नव्हती.

दंगल थोडी निवळली आणि नाताळ आला. आमच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती मावशी दर वर्षी गॅलरीत कागदाचा मोठा तारा लावत. लोक म्हणाले, "मावशी, यंदा राहू द्या. उगाच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचे?" मावशी म्हणाल्या, "अहो, अंधार सगळीकडेच आहे. त्यात आणखी माझी भर कशाला?" त्यांनी तारा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलकुल आणि नेवऱ्यांची ताटे भरली. दर वर्षी त्यांचा मुलगा ताटे पोहोचवी. त्या वर्षी त्या स्वतः प्रत्येक दाराशी गेल्या. एकही दार त्यांनी वगळले नाही. आता आपल्याकडे रीत अशी, की शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही. दुकाने नीट उघडली नव्हती. घरात फारसे काही नव्हते. तरी कोणी गूळ-शेंगदाणे ठेवले, कोणी शेवयांची खीर केली, कोणी चार केळी ठेवली. संध्याकाळी ताटे परत करायला माणसे आली. मावशींच्या दारात, त्या ताऱ्याखाली, अडीच आठवड्यांनी चाळ एकत्र उभी राहिली. प्रथम सगळे गप्प होते. मग कोणीतरी दुधाचा विषय काढला. दूध कोणी आणायचे, आजारी आजोबांचे औषध कोण आणील, फाटकावर रात्री कोण बसेल, हे बोलता बोलता ठरले. पहाऱ्याला दोघे बसायचे, आणि ते दोघे वेगवेगळ्या धर्मांचे असायचे.

जानेवारी १९९३ मध्ये दंगल पुन्हा भडकली. आमच्या चाळीतली दोन कुटुंबे घाबरून गावी गेली. त्यांतले एक कधीच परत आले नाही. मावशींच्या नेवऱ्यांनी मुंबई वाचली नाही. पण फाटकावरचा जोडीचा पहारा एकाही रात्री चुकला नाही. मुलीला मी एवढेच सांगितले, की त्या एका दिवसाने मला शेजाऱ्याबरोबर रात्री जागायला शिकवले. तो दिवस नसता, तर मी घराला कडी लावून बसलो असतो.

पुढे १९९४ पासून मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. तंटा पेटण्याआधीच पोलीस आणि दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसू लागले. या समित्या सलोख्यासाठी क्रिकेटचे सामनेही भरवत. निरनिराळ्या वस्त्यांतली मुले त्यांत खेळत, आणि पोलीसही खेळत. असा एक सामना मी पाहिला आहे. बाद की नाबाद यावरून मैदानात केवढा आरडाओरडा चालला होता! शिट्ट्या, टाळ्या आणि हाका यांत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. तिथे खामोशी औषधालाही नव्हती. आणि तरीही, मुंबईत इतकी शांतता मी फार दिवसांनी पाहत होतो.