बाराला चार!

शाळेच्या दप्तरातली बारा इंची पट्टी घ्या. 20 मार्चच्या आसपास, दुपारी बारा चाळीसच्या सुमाराला ती गच्चीत उभी धरा, अगदी सरळ, आणि सावली मोजा. पुण्यात असाल तर चार इंच! साडेतीन नाही, पाच नाही, चार! मी मोजली, मग शेजारच्यांना वर बोलावून त्यांच्यादेखत पुन्हा मोजली, आणि तेव्हापासून घरात कुणाला दुसरा विषय काढू दिलेला नाही.

(बारा चाळीस का? आपलं घड्याळ चालतं ते साडेब्याऐंशी रेखांशाच्या हिशेबानं, आणि पुणं पडलं त्याच्या बरंच पश्चिमेला. आपली खरी मध्यान्ह उशिराच होते.)

आणि हे आपल्याकडच्या ज्योतिषांना केव्हाचं ठाऊक होतं! पंचांगवाले याला पलभा म्हणतात. दिवस-रात्र समान असताना, ऐन मध्यान्हीला, बारा अंगुळं उंच शंकूची पडणारी सावली. पुण्याची पलभा चार, उज्जैनची पाचाच्या किंचित वर. आयुष्यभर पंचांग उघडलं ते एकादशी नि चतुर्थी बघायला. त्या आकड्यात गावाचा अक्षांश दडलाय हे कुणी बोललंच नाही! चाराला बारानं भागा, कॅल्क्युलेटरवर टॅन उलटा फिरवा, की आले साडेअठरा अंश. ना उपग्रह, ना नकाशा. पट्टी आणि ऊन!

भाची ऑस्लोत असते. तिला लगेच फोन.

“मावशी, इथे गॅलरीत बर्फ आहे अजून.”

“बाजूला सार आणि पट्टी उभी कर!”

तिथल्या मध्यान्हीला तिनं मोजली. एकवीस इंचांना जरा कमी. पट्टी बारा इंचांची आणि सावली एकवीस! ऑस्लो साठ अंशांवर, त्यामुळे त्या दिवशी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर.

मला वाटलं, सावली पाचपट तर ऊन पाचवा हिस्सा. छे! हिशेब त्याहून सुंदर आहे. सूर्य डोक्यावर असला की एक चौरस मीटरभर किरण एक चौरस मीटर जमिनीवर पडतात. तीस अंशांवरून तेच किरण दोन चौरस मीटरांवर पसरतात. म्हणजे ऊन निम्मं. शिवाय तिरकं येताना त्याला जवळजवळ दुप्पट हवा कापावी लागते, तिथे आणखी गळती.

आता खरी उडी. आमच्या गच्चीवर सोलर बसवणारा मुलगा म्हणाला होता, “काकू, तोंड दक्षिणेला आणि कल अठरा-वीसचा.” तेव्हा मान डोलावली, बाकी काही नाही. पण पट्टीनंतर एकदम लख्ख पडला प्रकाश! पृथ्वी गोल, म्हणून विषुववृत्तावरून पुण्याला येईपर्यंत जमीन साडेअठरा अंश कलते. पॅनेल तेवढंच दक्षिणेला उतरतं केलं की तो कल पुसला जातो. म्हणजे माझं पॅनेल आणि इथून सरळ दक्षिणेला, मालदीवच्या आसपास विषुववृत्तावर आडवी ठेवलेली फळी, दोन्ही अगदी समांतर! ऑस्लोत साठ अंश उभं केलेलं पॅनेलही तसंच. गच्चीत मालदीव! सहल फुकटात!

कल पुसता येतो, तास मात्र पुसता येत नाहीत. डिसेंबरात ऑस्लोचा दिवस सहा तासांचा, सूर्य सात अंशसुद्धा चढत नाही. तिथे कितीही हुशार स्ट्रक्चर उभारा, काय मिळणार?

पण जून! जूनचं वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. 21 जूनच्या आगेमागे, चोवीस तासांची बेरीज केली, तर वातावरणाच्या माथ्यावर सगळ्यात जास्त सूर्यऊर्जा कुठे पडते? विषुववृत्तावर नाही. उत्तर ध्रुवावर! सूर्य तिथे साडेतेवीस अंशांच्या आतच, पण मावळतच नाही. थोडं थोडं करत, अखंड, दिवसभराचं ऊन विषुववृत्तापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मग बर्फ सगळा का वितळत नाही? बर्फ त्यातलं बरंचसं ऊन परत आकाशात उडवून देतो, आणि तिरक्या वाटेवरची हवाही आपला वाटा घेते.

आपल्याकडे जूनची गंमत वेगळी. 13 मेच्या सुमाराला पुण्यात दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर, पट्टीची सावली गायब. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला! दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलचं नुकसान किती? मी मांडून बघितलं: 21 जूनला ऐन दुपारी आठ टक्के, बस. बाकी जे काही नुकसान व्हायचं ते ढग करतील. त्याआधी सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरकं ऊन आत येईल, म्हणून तिथे यंदा पहिल्यांदाच पडदा लावायला काढलाय.