पिल्लाचे कान

नेमबाजांच्या क्लबात म्हातारे मोठ्याने बोलतात. त्यात स्वभावाचा दोष नाही, दोष कानांचा. बारा बोअरच्या बंदुकीचा बार दीडशे डेसिबलच्या पुढे जातो, आणि ही माणसं तरुण होती तेव्हा कानांत बोळे घालणाऱ्याला भित्रा म्हणत. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण नळीच्या तोंडाकडे तोच असतो. मग उजवाही हळूहळू त्याच वाटेने जातो. म्हणून क्लबात कुणाशी बोलायचं तर त्याच्या उजव्या बाजूला उभं राहावं, हे इथे नव्याने येणाऱ्याला कुणी सांगत नाही. ते आपोआप कळतं.

मिनेसोटात आमच्या गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून असा एक क्लब आहे. पत्र्याची लांबट खोली, कॉफीचं कायम तापलेलं भांडं, आणि भिंतींवर फोटो. फोटोंत माणसं कमी, कुत्रे जास्त. बाहेर पाच जागा आखलेल्या. तिथे उभं राहून ‘पुल’ म्हणून ओरडायचं की समोरच्या बुटक्या खोपटातून नारिंगी तबकडी उडते. एका फेरीत पंचवीस. तबकडीला क्ले म्हणतात, पण तिच्यात माती नाही. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांची ती बनते. शाळकरी मुलांचे संघ इथे सरावाला येतात, शेतकरी येतात, निवृत्त पोस्टमन येतो. मी लातूरकडची, बंदूक हातात न धरलेली बाई, तिथे जाते ती आमच्या शेजाऱ्यांमुळे. माझ्या मुलांनी त्यांना आजोबा करून टाकलंय, त्यामुळे मीही आजोबाच म्हणते.

गेल्या हिवाळ्यात आजोबांची म्हातारी कुत्री गेली. जूनच्या सुरुवातीला त्यांनी आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं: इंग्लिश सेटर, मादी, पांढऱ्या अंगावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. क्लबातल्या मंडळींना ते कधी एकदा बघतो असं झालं होतं. आणि इथेच मला या लोकांची पहिल्यांदा गंमत वाटली. पिल्लू क्लबात आणायचं, पण बार बंद असतील त्याच दिवशी. तसा दिवस ठरला. ठरलेल्या संध्याकाळी सगळ्यांनी बंदुका घरी ठेवल्या, किंवा गाडीत कुलपात. एका नव्या पोराने सवयीने आपल्या पिकअपचं मागचं फळकं धाडकन लावलं, तर सात-आठ पांढरी डोकी एकदम त्याच्याकडे वळली. बिचारा तिथल्या तिथे खजील झाला.

मग सुरू झालं कुजबुजणं. आयुष्यभर आवाज करत आलेली ही माणसं पिल्लाभोवती कोंडाळं करून इतक्या हळू बोलत होती की त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. एकाने काहीतरी विचारायचं, दुसऱ्याने त्याच्या ओठांकडे बघून मान डोलवायची, तिसऱ्याने भलत्याच प्रश्नाला उत्तर द्यायचं. पिल्लू मात्र एकाच्या बुटाची नाडी ओढण्यात दंग.

एवढी काळजी कशासाठी, ते मला पुढे कळलं. शिकारी कुत्रा बाराला भ्यायला लागला की संपलं. मग त्याची नाळ कितीही मोठ्या घराण्याशी जुळलेली असो, त्याचे आईबाप स्पर्धांतून कितीही गाजलेले असोत, बंदूक दिसताच तो गाडीखाली जाऊन बसतो. अशा कुत्र्याला बरं करायला महिने लागतात आणि पुष्कळदा तो बरा होतच नाही. बाराची भीती उपजत नसते, ती माणूस लावतो, असं ही मंडळी मानतात. काही पिल्लं मुळातच आवाजाला हळवी असतात हे खरं, पण बहुतेक वेळा कुणीतरी हौशी मालक ‘सवय होऊ दे’ म्हणत पिल्लाला थेट गोळीबाराच्या रांगेत नेऊन बांधतो आणि एका दुपारी त्याचा सत्यानाश करतो.

दुसरीकडे, थांबूनही चालत नाही. मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून 1965 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात जे भेटलं ते आपलं, जे नाही भेटलं ते परकं. म्हणजे अनोळखी माणसं, टोप्या, काठ्या, ओल्या गवताचा वास, गाडीचा प्रवास हे सगळं त्याच आठवड्यांत अंगवळणी पडायला हवं. ती संध्याकाळ त्यासाठीच होती. पिल्लू एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होतं, आणि प्रत्येकजण त्याचे पंजे दाबून, कान उलटून, तोंडात बोट घालून बघत होता. बारशाला बाळ जसं फिरतं तसं.

नावावरून मात्र कुजबुज संपली आणि खरी भांडणं झाली. रानात हाक लांब जायला हवी म्हणून नाव एक-दोन अक्षरांचं. शिवाय ते कोणत्याही हुकमासारखं ऐकू येता कामा नये. उभं राहा यासाठी ‘व्हो’ म्हणतात, म्हणून ‘बो’ आणि ‘जो’ बाद. नकारासाठी ‘नो’, तेव्हा ‘फ्लो’ पण बाद. माझ्याकडे वळून विचारलं तेव्हा मी ‘मोती’ सुचवलं, पण मादीला ते शोभेना. शेवटी आजोबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आधीपासून मनात होतं ते ‘बेल’ हे नाव ठेवलं.

मग कुणीतरी मासे धरायची काठी आणली. दोरीला हुकाऐवजी फेझंट पक्ष्याचा वाळका पंख. त्याने तो गवतावर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. बेल आधी धावली, धडपडली, कोलांटी खाल्ली. पंख तिच्या दोन पावलं पुढे स्थिरावला आणि ती थांबली. पुढचा एक पाय हवेत, मान लांब, अजून झालर न फुटलेली शेपटी ताठ. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आठ आठवड्यांत शिकवणार तरी काय? कुत्र्याच्या जातीत झेप घेण्यापूर्वी एक क्षण थबकणं असतं, मांजरातही असतं. माणसाने त्या क्षणाला हेरलं आणि पिढ्यान् पिढ्या जो कुत्रा जास्त थांबतो त्याचीच वीण पुढे नेली. थबकण्याचा क्षण ताणत ताणत मिनिटांवर नेला. बंदुका येण्याआधी सेटर पक्ष्यासमोर दबून बसत आणि शिकारी पक्ष्यावर नि कुत्र्यावर मिळून जाळं टाकत. 1570 मध्ये जॉन कीझ या इंग्रज वैद्याने कुत्र्यांवर लॅटिनमध्ये लिहिलं त्यात अशा कुत्र्याचं वर्णन आहे. एडवर्ड लॅव्हरॅकने 1825 च्या सुमारास एक जोडी घेऊन जी पैदास सुरू केली तिच्यातून आजचा इंग्लिश सेटर घडला.

मला आमच्याकडचा कारवान आठवला. लातूर-नांदेडकडचा तो कुत्रा, लांब नाकाचा, पोट पाठीला लागलेला. त्याची शिकार डोळ्यांची: ससा दिसला की सुटायचं, मध्ये थांबणं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याचं ते काम गेलं, तो राखणीला उरला. सेटरची शिकार नाकाची. वाऱ्यावरून वास आला की जिथे असेल तिथे दगड व्हायचं आणि माणसाची वाट बघायची. म्हणूनच पंखाचा खेळ लवकर आवरायचा, असं आजोबा म्हणाले. फार खेळवलं तर पिल्लू डोळ्यांवर विसंबायला लागतं. पंख खिशात गेला. पण तेवढ्यात दोन जणांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं. तबकडी हुकल्यावर शिव्या देणारीच ही माणसं.

मी शिकारीच्या बाजूची नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. वाद होतात. ते मला 1937 च्या कायद्याचा दाखला देतात: बंदुका आणि काडतुसांवरच्या अकरा टक्के केंद्रीय करातून इथल्या वन्यजीवांसाठी पैसा उभा राहतो. हिशोब खरा आहे. पक्ष्याला तो कुणी विचारलेला नाही, हेही खरं. फेझंट तर मुळात इथला नव्हेच. शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने, ओवेन डेनी यांनी, 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून ते ओरेगनला पाठवले. दक्षिण डकोटात ते इतके रुजले की 1919 मध्ये त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला आणि पुढे फेझंट त्या राज्याचा पक्षी ठरला. परक्या पाहुण्याला आधी घर द्यायचं, मग मान द्यायचा आणि दर ऑक्टोबरात त्याच्यावर छर्रे सोडायचे, हा प्रकार मला अजून पचलेला नाही. तरी एवढं म्हणेन: कुत्रा बरोबर असलेला माणूस रानात बंदुकीकडे कमी आणि कुत्र्याकडे जास्त बघतो. ग्राऊस हा इथल्या जंगलातला पक्षी, हिवाळ्यात मऊ बर्फात बुडी मारून रात्र काढणारा. तो पायाजवळून असा फडफडाट करून उडतो की नेम हुकण्याचीच शक्यता जास्त. आजोबा रिकाम्या पिशवीने परत येतात आणि तासभर कुत्रीच्या एका थांबण्याबद्दल बोलतात.

जुलैची चार तारीख म्हणजे इथली दिवाळी. गल्लीगल्लीत फटाके. त्या रात्री आजोबा तळघरात खुर्ची टाकून बसले. पंखा मोठा, रेडिओ मोठा, बेल पायांशी हाड चघळत. त्यांना रेडिओ ऐकू येत नव्हताच. क्लबातल्या तिघांनी निरोप पाठवून विचारलं, पिल्लू ठीक आहे ना?

बंदुकीशी ओळख झाली ती ऑगस्टच्या शेवटी, आणि तीही बंदुकीने नव्हे. माळावर एक कबुतर सोडलं. बेल जीव खाऊन त्याच्यामागे पळाली. ती पार रंगात आली तेव्हा शंभर पावलं मागे, तिच्याकडे पाठ करून, एकाने खोट्या काडतुसाचं छोटं पिस्तूल वाजवलं. सगळ्यांचं लक्ष फक्त शेपटीकडे. शेपटी खाली गेली असती तर तिथेच थांबून कित्येक आठवडे पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, हा नियम. बेलने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला ऐंशी पावलं, मग साठ. त्यानंतर वीस बोअर. आकडा वाढला की नळी बारीक, कारण नळीच्या मापाच्या किती गोळ्या एक पौंड शिशातून निघतात त्यावरून तो ठरतो. बारा बोअर या वर्षी तिच्या डोक्यावर कुणी वाजवणार नाही, असं क्लबाने ठरवून टाकलंय. आजोबांना त्यात मत नाही.

बेलचे फोटो मी घरी पाठवले तेव्हापासून पुण्याहून भाचरांचे फोन येतायत: मावशी, हा कुत्रा इथे कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल? मी त्यांना सांगते तेच इथे सांगते. शेकडो वर्षं माळ धुंडाळण्यासाठी घडवलेला हा प्राणी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तो मोकळा धावला नाही तर सोफा फाडतो, किंवा खंगतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो आणू नका. तुमच्या गल्लीतलं, इमारतीच्या जिन्याखाली जन्मलेलं पिल्लू घरात घ्या. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा मोठा करा आणि फटाके थांबेपर्यंत त्याच्यापाशी बसा.